जोडलेल्या फायलींविषयी काही गैरसमज

प्रोग्रॅममधून धाडलेल्या ईमेलसोबतची पीडीएफ उघडत नाही, किंवा तिच्या मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात, तेव्हा दोन्ही तक्रारी ‘एनकोडिंग’च्या एकाच खात्यावर जमा करण्याचा जो प्रघात पडला आहे, तो चुकीचा आहे, कारण फायलीचा आशय आणि तिचे नाव यांचे संकेत सर्वस्वी भिन्न असून एकाच्या दुरुस्तीने दुसरे सुधारत नाही.

फाइल जशीच्या तशी प्रवास करते, हीही समजूत निराधार होय. 1982 साली सिद्ध झालेल्या एसएमटीपीच्या नियमांत केवळ सात बिटांच्या अक्षरांनाच मुभा होती. म्हणून 1992 साली नेथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ पद्धतीत बेस-64 संकेत आला, ज्यात तीन बाइटांची चार अक्षरे होतात. साहजिकच आकार एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो, आणि 25 एमबीची मर्यादा पाळणारा सर्व्हर 20 एमबीची फाइलही नाकारतो. हा संकेत कोणालाही उलगडता येत असल्यामुळे त्याला गोपनीयतेचे साधन मानणे मात्र धोक्याचे आहे.

फाइल बिघडली की पुष्कळ जण मेल सर्व्हरला दोष देतात. वास्तविक मूळ पत्राचा कच्चा मजकूर उघडून पाहिल्यास बहुधा आपल्याच प्रोग्रॅममधली चूक हाती लागते. पीडीएफच्या बेस-64 मजकुराचा आरंभ जे-व्ही-बी-ई-आर या अक्षरांनी होतो. तेथे एस-एल-झेड-सी दिसल्यास, लायब्ररी जे काम स्वतः करणार होती तेच आपण आधी उरकून दुहेरी संकेतन केले, असे खुशाल समजावे. विंडोजवर फाइल बायनरीऐवजी टेक्स्ट म्हणून वाचली असेल, तर ओळींच्या शेवटच्या खुणा बदलून ती आधीच नासलेली असते.

नावाची कथा निराळी. विषयाच्या ओळीसाठी आरएफसी 2047 ने दिलेला संकेत फायलीच्या नावाला लावण्याची त्याच दस्तऐवजात मनाई आहे. त्यासाठी आरएफसी 2231 आहे. काही मेल प्रोग्रॅम चुकीचे रूपही उदारपणे वाचतात, त्यामुळे ‘माझ्याकडे नीट दिसते’ हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. पायथॉनमधील ‘ईमेलमेसेज’ ही व्यवस्था आपोआप लावतो. हेडर हाताने रचण्याचा अट्टाहास म्हणूनच टाळावा.

सीएसव्ही फायलीतली मराठी एक्सेलमध्ये विद्रूप दिसते, तेथे तर ईमेलचा काहीच अपराध नसतो: यूटीएफ-8 मधील देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचे तीन बाइट एक्सेल जुन्या कोडपेजनुसार सुटे वाचतो, आणि फायलीच्या आरंभी बीओएमची खूण घातली की बहुधा तो प्रश्न मिटतो.