मदत सातबाऱ्याला की शेतकऱ्याला?

२०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. नागपूर जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस उत्पादकाला या रकमेचा आधार झाला, हे नाकारता येणार नाही. तथापि तो नेमका कोणाला झाला, हेही पाहिले पाहिजे.

१९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत पुष्कळ दोष होते आणि ती तोट्यातही गेली. परंतु तिच्यातील पैसा काट्यावर आलेल्या कापसामागे जात असे. आजचे साहाय्य सातबाऱ्यावरील नावामागे जाते.

मक्त्याने शेती करणारा बियाणे, खत व वेचणीची मजुरी पदरची भरतो. बोंडअळीने पीक गेले तर बुडतो तोच. अनुदान मात्र जमीनमालकाच्या खात्यात जमा होते. करार तोंडीच राहतो, कारण लेखी केल्यास जमिनीवर कूळ लागेल, ही मालकाची धास्ती. १९५८ च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्याने कुळाला संरक्षण दिले; त्याच संरक्षणाच्या भीतीने आजचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला आहे.

मालकी हक्काला बाध न आणता कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद करता येते. आंध्र प्रदेशाने २०११ साली तसा कायदा केला. महाराष्ट्राने हे पाऊल टाकले नाही, तर कापसाच्या नावाने दिलेला पैसा कापूस पिकविणाऱ्यापर्यंत पोहोचेलच, याची हमी कोण देणार?