बोटीची हौस आणि घरचा हिशेब

वर्तमानपत्रातली पांढऱ्या बोटीची रंगीत जाहिरात आमच्या मुलीने कापून कपाटाच्या दारावर चिकटवली आणि तेव्हापासून घरात रोज एकच विषय. मुलगी तेव्हा सात वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात भाडे होते आणि त्याच्यापुढे अगदी बारीक अक्षरात 'पासून' हा शब्द. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि नोकरीने कारकून, तेव्हा आमचे लक्ष त्या बारीक शब्दाकडेच गेले.

सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबईहून सुरू झाली, तेव्हापासून क्रूझ हा शब्द आपल्या वस्त्यांतही ऐकू येऊ लागला. अकरा मजल्यांची ही बोट 1990 सालापासून परदेशात चालत होती. आता आपल्याकडच्या पोस्टातल्या, बँकेतल्या, शाळेतल्या नोकरदारांनाही वाटते की एकदा मुलांना घेऊन जावे. त्यात गैर काहीच नाही. परंतु आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाने ही हौस क्रेडिट कार्डावर केली आणि तीन रात्रींच्या सहलीचे हप्ते दीड वर्ष फेडले. शेवटचे दोन हप्ते मुलाच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून गेले. म्हणून हा लेख.

प्रथम भाड्याचे पाहू. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून काढलेला असतो. त्याच खोलीत तिसरा आणि चौथा माणूस आला तर त्यांना बहुधा कमी भाडे पडते. आईवडील आणि दोन मुले असे चौघे असाल तर एका खोलीत भागते. आमच्याकडे मात्र आई आहे, म्हणजे आम्ही पाच. बोटीवर 'पाचवा जमिनीवर गादी टाकून झोपेल' हे चालत नाही. खोलीत माणसे किती हे ठरलेले असते. दोन खोल्या घ्याव्याच लागतात. आईला एकटीला खोली दिली तर एकट्या माणसाकडून बहुतेक कंपन्या जवळजवळ दोघांचे भाडे घेतात. म्हणून नातीला आजीजवळ ठेवले आणि धाकट्याला आमच्याजवळ. पण यातही मेख आहे. खोलीतल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडे, मग त्यातले एक मूल का असेना. म्हणजे मुलीचे भाडे मोठ्या माणसाचे झाले.

समजा जाहिरातीत माणशी 20,000 रुपये आहेत. आपण मनात म्हणतो, पाच जणांचे एक लाख. आता वही काढा. चार पूर्ण भाडी 80,000, पाचवे सवलतीचे समजा 12,000. बंदराचे शुल्क वेगळे, ते लहान मुलालाही पडते, माणशी 2,500 धरले तर 12,500. कर साडेपाच हजार धरा. बोटीवरच्या सेवकांसाठीची बक्षिसी ही ऐच्छिक वाटते, पण पुष्कळ ठिकाणी ती माणशी, रात्रीमागे बिलात लावतात. 500 प्रमाणे तीन रात्रींचे पाच जणांचे 7,500. बेरीज 1,17,500. सवलतीचे भाडे धरूनसुद्धा मनातल्या हिशेबापेक्षा साडेसतरा हजार जास्त! हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक फेरीचे वेगळे असतील. पण रकाने हेच राहतील. एजंटला फोनवर विचारू नका, सर्व रकान्यांसह लेखी मागा. आम्हाला एका एजंटने तीन वेळा तीन निराळ्या रकमा सांगितल्या. लेखी मागितले तेव्हा चौथी आली आणि तीच खरी निघाली.

आमच्यासारख्याच्या पगाराला ही रक्कम झेपणारी नव्हती. आम्ही वस्तीतल्या भिशीत नाव घातले आणि सहल पुढे ढकलली. मुलगी रुसली. परंतु हे थांबणे दुसऱ्याच कारणाने फायद्याचे ठरले.

ते कारण म्हणजे मुलांची वये. परदेशी कंपन्यांच्या बहुतेक बोटींवर सहा महिन्यांखालचे बाळ घेतच नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना एक वर्ष पूर्ण असावे लागते. चोवीस आठवडे झालेल्या गरोदर स्त्रीलाही सहसा चढू देत नाहीत. तसेच मुलांसाठी खेळघर असते, त्यात पुष्कळ ठिकाणी तीन वर्षे पूर्ण झालेले आणि लंगोट सुटलेले मूलच घेतात. पोहण्याच्या हौदाचाही नियम तोच. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो असतो तर खेळघर बंद, हौद बंद, आणि आईबापांपैकी एकजण सतत त्याच्यामागे! पत्नी म्हणाली, "मग मी सहलीला कशाला येऊ? ते तर मी घरीच करते." हा मुद्दा आमच्या वहीत नव्हता, हे कबूल करतो. धाकट्याला तीन पूर्ण होऊ दिले. बुक करण्यापूर्वी आपल्या मुलाचे वय सांगून त्याला कुठे कुठे प्रवेश आहे हे विचारून घ्या.

मधल्या काळात मुलांना बोट लागते का हे पाहायचे होते. रविवारी गेटवेहून लाँचने घारापुरीला गेलो. धाकट्याने जाताना एकदा आणि येताना दोनदा ओकारी काढली. आम्ही खचलोच. मग भाऊच्या धक्क्याहून मांडव्याच्या रो-रोने नेले. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. मोठी बोट, कमी हलते. पठ्ठ्या पूर्ण वेळ कठड्याला गाल लावून उभा! लहान लाँचमध्ये लागते म्हणून मोठ्या बोटीतही लागेलच असे नाही, हे आम्हाला थोडक्या खर्चात कळले. खोली निवडताना बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे कमी. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर-जानेवारी त्या मानाने शांत. औषधाचे म्हणाल तर मुलांच्या डॉक्टरांनाच विचारावे. दोन वर्षांखालच्या मुलाला तर दुकानातून आपल्या मनाने गोळी आणून कदापि देऊ नये.

खिडकीची, गच्चीची खोली हवी, असे मुलीचे मत होते. आम्ही आतली, बिनखिडकीची घेतली. ती सर्वांत स्वस्त. शिवाय तीन वर्षांचे मूल आणि समुद्रावरची गच्ची हे समीकरण आम्हाला नको होते. समुद्र पाहायला वरचे डेक सर्वांना फुकट आहेत. आतल्या खोलीत दिवसाही रात्र असते. न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिले ठेवले की मुले घाबरत नाहीत.

वार कोणता, हेही पाहावे. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांना मित्रांच्या टोळ्या, कंपन्यांच्या पार्ट्या जास्त. दारू आणि जुगाराचे टेबल हे बोटीच्या कमाईचे मोठे साधन आहे. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सोमवार-मंगळवारची फेरी धरावी, ती बहुधा स्वस्तही पडते. साधे जेवण भाड्यात असते. वेगळ्या हॉटेलातले जेवण, थंड पेये, फोटो, इंटरनेट यांचे पैसे निराळे. पैसे रोख लागत नाहीत, खोलीच्या कार्डावर चढतात, म्हणून मुलांच्या हाती ते कार्ड देऊ नये. इलेक्ट्रिकची किटली किंवा इस्त्री नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात. दुधासाठी गरम पाणी मागितले की देतात. मुलांची मूळ ओळखपत्रे मात्र विसरू नका.

राहिली आमची आई. ती मूळची रत्नागिरीकडची, लहानपणी किनाऱ्याच्या बोटीने मुंबईला आलेली. त्या काळी हर्णै, दाभोळ, जयगड करीत बोट जायची. ती समुद्रात थांबायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर न्यायचे. तिच्या आठवणीत दुसरीही एक बोट होती. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आई तेव्हा जन्मलीही नव्हती, पण त्या गोष्टी ऐकत वाढली. "पोरांना घेऊन पाण्यात जायचं नाही," हा तिचा हेका.

तिला आम्ही समजावले ते असे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या प्रवासी बोटीवर निघण्यापूर्वी किंवा निघताच सर्व उतारूंना संकटकाळी कुठे जमायचे ते दाखवावेच लागते. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट आपटली, त्यानंतर हा नियम आणखी कडक झाला. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे ठेवणेही बंधनकारक आहे. आई म्हणाली, "बघू." बोटीवर चढल्यावर लोक फोटो काढत होते, ही त्या सेवकाला म्हणाली, "लहान पोराचं दाखव." त्याने आणून दिले. तिने ते स्वतः धाकट्याच्या अंगावर चढवून, पट्टे ओढून पाहिले आणि मगच चहा घेतला.

रात्री ती वरच्या डेकवर बराच वेळ उभी होती. रत्नागिरीचे दिवे कुठले म्हणून विचारीत होती, पण बोट किनाऱ्यापासून फार दूर होती. सकाळी गोव्याला मुरगाव बंदरात बोट थेट धक्क्याला लागली. तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर, आणि टॅक्सीचा खर्च वहीत धरायचा आमच्याकडून राहून गेला होता. आम्ही दोघे धक्क्यावर भाव करीत उभे, आणि आई नातीला विचारीत होती, "इथवर आलो, मग पडाव कुठाय?"