अडुसष्ट मिलिमीटरचा हिशेब

वाघबीळ मागं पडलं की आमची पद्मिनी पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरवर काढायची. मग तिला दुसरा लागायला लागला, आणि गेल्या पावसाळ्यानंतर दुसऱ्यातही ती धापा टाकू लागली. मागून येणाऱ्यांना निळसर धूर दिसायचा. दर पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल ओतावं लागायचं. गाडी वडिलांनी १९७६ साली घेतलेली. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळं ती विकण्याचा विषय घरात कधी निघालाच नाही. इंजिनाबद्दल मात्र दोन तट पडले. एक म्हणे, बांधून घ्या. दुसरा म्हणे, हे काढा आणि दुसरं बसवा. दोन्हीकडच्या कुणीही ते उघडून पाहिलेलं नव्हतं.

निर्णय घेण्याआधी हे इंजिन आहे तरी कोण, ते नीट समजून घ्यावं असं मला वाटलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सगळं मिळून १०८९ सीसी. ही मापं पद्मिनीपेक्षा कितीतरी जुनी आहेत. दांते जाकोझा या इटालियन अभियंत्यानं फियाटच्या ५०८ सी गाडीसाठी १९३७ साली जे इंजिन केलं, त्याचीही मापं हीच होती. १९५३ मध्ये ११०० ही गाडी नव्या अंगानं आली, तरी आतला गाभा तोच राहिला. इकडं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि पन्नाशीच्या दशकात ११०० तिथं पोचली. पुढं डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली. नावं बदलली, दिवे आणि जाळ्या बदलल्या, पण अडुसष्ट आणि पंच्याहत्तर शतक संपेपर्यंत टिकले. साठ वर्षांहून जास्त काळ एका इंजिनाची हाडं तीच राहावीत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ताकद म्हणाल तर ४० हॉर्सपॉवर, आणि तीही ४८०० आरपीएमला. त्या वेगाला प्रत्येक पिस्टन सेकंदाला ऐंशी वेळा वर-खाली होतो. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून पुशरॉडनं वरचे व्हॉल्व्ह हलणार. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं हे इंजिन अनेक दशकं रात्रंदिवस राबवलं ते याच साधेपणाच्या जोरावर. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची हटली.

आता आमच्या गाडीकडं येतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, ही आमची भाग्याची गोष्ट. ऊसपट्ट्यातली ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथं ओतकाम, लेथ आणि बोअरिंगची एक पेठच उभी राहिली. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी नेली. बांधायचं की बदलायचं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं न बघताच प्लग काढायला घेतले.

"उघडल्याबिगर कोण सांगणार? आधी दाब बघूया."

कॉम्प्रेशनच्या घड्याळानं तीन सिलिंडर ११० च्या आसपास दाखवले आणि तिसऱ्या नंबरचा ७०. मिस्त्रींनी त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत दाब घेतला. काटा ९५ वर गेला. ऑइलनं रिंगा आणि भिंत यांमधली फट तात्पुरती बुजते. म्हणून दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. वाढला नसता तर व्हॉल्व्ह बसत नाहीत असं समजायचं. धुराचीही भाषा अशीच असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर सुटला तर रिंगा. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना किंवा उतारावर पाय काढल्यानंतर सुटला तर व्हॉल्व्हचे गाइड. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतोय, त्यासाठी इंजिन उतरवायची गरजच नसते. नुसत्या काळ्या धुरावर कुणी तुम्हाला नवं इंजिन विकायला निघाला तर तिथून निघून यावं.

इंजिन उतरलं, हेड निघालं, आणि सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवल्यावर कड लागली. वरची रिंग जिथवर पोचते तिथं भिंत झिजते, त्याच्या वरची अस्पर्श राहते, म्हणून ती कड. झीज वरच्या टोकाला सर्वांत जास्त असते, कारण तिथं स्फोटाचा दाब आणि उष्णता जास्त आणि ऑइल कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टन एका बाजूला रेलतो, त्यामुळं गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं. डायल गेज आत सोडून मिस्त्री आकडे सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. खाली ६८.४१, वर तिसऱ्या सिलिंडरला ६८.५८.

खालचा आकडा ६८.४१ कसा? वडिलांच्या वहीत उत्तर होतं. १९९१ मध्ये त्यांनी एकदा बोअर करून घेतलेला: "पिस्टन ०.४ ओव्हरसाइझ, क्रँक ग्राइंड, शेल नवे." मला ते ठाऊकच नव्हतं. घरातलं कुणीतरी 'ओरिजिनल इंजिन' असं अभिमानानं सांगायचं, आणि ते खरंही होतं, कारण ब्लॉक तोच, नंबर तोच. त्याचा एक डाव मात्र खेळून झाला होता.

इथं खरा हिशेब सुरू होतो. झिजलेलं भोक गोल करायचं तर सर्वांत झिजलेल्या जागेच्याही पुढं जाऊन कापावं लागतं. ६८.५८ पर्यंत झीज गेली असताना ६८.६ ला भिंत स्वच्छ निघणार नाही, म्हणून ६८.८. म्हणजे चार सिलिंडर मिळून सुमारे १११५ सीसी. दर बोअरिंगला भिंत पातळ होते आणि पातळ भिंत उष्णता सोसताना वाकते, म्हणून याला शेवट असतो. पण तो शेवट म्हणजे भंगार नव्हे. भोक मोठं कापून त्यात ओतीव लोखंडाची नळी ठोकून बसवतात, तिला आपल्याकडं स्लीव्ह किंवा लायनर म्हणतात, आणि ती परत ६८ ला कापतात. १९३७ सालचा आकडा पुन्हा हातात येतो. लायनरचं काम मन लावून करणारा कारागीर गावात असेल, तर 'बोअर संपला' या एका कारणासाठी ब्लॉक टाकून देणं मला पटत नाही.

ब्लॉकला चीर असेल तर गोष्ट वेगळी. पाण्याच्या वाटेतून सिलिंडरमध्ये उतरलेली चीर, किंवा कनेक्टिंग रॉड तुटून बाजूनं बाहेर आलेला ब्लॉक, इथं मात्र मी बदलाच्या बाजूनं बोलेन. क्रँकची मर्यादाही पाहावी लागते. जर्नल घासून बारीक करत जाताना शेवटच्या मापाचे शेल मिळेनासे झाले की दुसरा क्रँक शोधावा लागतो, पण त्यासाठी सगळं इंजिन बदलायचं कारण नाही. आमचा क्रँक एका घासणीवर निभावला. हेड तापून वाकलं होतं, घाटात रेडिएटर उकळलेल्या कुठल्याशा दिवसाची ती खूण. स्टीलपट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवला तेव्हा मध्यभागी उजेड दिसला. ते फेस करून सपाट झालं.

बदलाचे रस्ते दोन. पहिला म्हणजे भंगारात गेलेल्या पद्मिनीचं इंजिन आणून बसवणं. स्वस्त दिसतं, पण तेही तितकंच जुनं आणि त्याच्या आत काय आहे हे उघडेपर्यंत कळत नाही. उघडून बघायचंच असेल, तर आपलं का बघू नये? दुसरा रस्ता वेगळ्या जातीच्या इंजिनाचा. प्रीमियरनंच १९८५ मध्ये ११८ एनई गाडीत निसानचं ११७१ सीसीचं, ५२ हॉर्सपॉवरचं इंजिन दिलं होतं. त्याचा मोह अनेकांना होतो. रोज शंभर किलोमीटर हायवेनं जाणाऱ्याला तो झाला तर मी त्याला दोष देणार नाही. पण इंजिन एकटं येत नाही. माउंटिंग नवे, गिअरबॉक्स नवा, स्टिअरिंगशेजारचा गिअरचा दांडा जाणार, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलणार, रेडिएटर अपुरा पडणार. आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक ४० हॉर्सपॉवरच्या वेगासाठी आहेत, हे तर विसरूच नये. शेवटी पद्मिनीचा फक्त पत्रा उरतो.

कागदाचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मनानं करता येत नाही, त्यासाठी आरटीओची मंजुरी लागते. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूप कायम, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नाही, अशा गाड्यांना नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. अशी गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून आमच्या घराला ती नोंदणी नको आहे. पण ज्यांना हवी असेल त्यांनी निसानचं इंजिन बसवण्याआधी हा नियम वाचावा.

बांधताना काही गोष्टी १९९१ सारख्या करून चालत नाहीत. शिसंवालं पेट्रोल देशभर २००० सालीच बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकांना राखायचं, म्हणून आता कडक सीट घालून घेतलेल्या बऱ्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंचसं आपल्याच उसाचं. पण पेट्रोल पंपाचा जुना रबरी पडदा आणि नळ्या त्यानं खराब होतात. म्हणून इंजिन बांधायच्या खर्चात हे धरलंच पाहिजे, नाहीतर नवं इंजिन जुन्या नळीपायी रस्त्यात उभं राहतं. ऑइलही सपाट टॅपेटच्या इंजिनाला झेपेल असं, पुरेसं झिंक असलेलं बघून घ्यावं.

बोअरिंग झाल्यावर मिस्त्रींनी होनिंग केलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. दगड वर-खाली फिरताना भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. ऑइल याच रेघांत थांबतं आणि नव्या रिंगा यांच्यावरच घासून बसतात. जाळी एका सिलिंडरला फिकट वाटली म्हणून त्यांनी परत दगड फिरवला. पिस्टन आणि भिंत यांमध्ये कागदाच्या जाडीपेक्षाही कमी जागा ठेवायची होती, आणि चारही पिस्टन आधी वजन करून, मग नंबर घालून बसवले गेले.

गाडी आता सातशे किलोमीटर फिरली आहे. मागच्या काचेवर 'ऑन टेस्ट'चा कागद आहे. पहिल्या पाचशेनंतर ऑइल बदललं, त्यात बारीक चमकणारा कीस आला, तो यायचाच होता. हेडचे बोल्ट परत आवळले, टॅपेट गरम इंजिनावर पुन्हा बघितले. वडिलांच्या वहीत त्यांच्या नोंदीखाली लिहिलं: "०.८, क्रँक एक घासणी, हेड फेस, सीट नवे." पन्हाळा अजून चढवलेला नाही. मिस्त्री म्हणाले हजार होऊ देत, तोवर चढावर ओढू नका.