डेडलाइन : एका रेघेचा माग

या लेखाची डेडलाइन मी दोनदा चुकवली. संपादकांनी सांभाळून घेतले. फार तर लेख पुढच्या दिवाळीवर गेला असता. पण याच शब्दाचा माग काढताना जी रेघ सापडली, ती ओलांडणाऱ्याला दुसरी दिवाळी नव्हती.

अमेरिकेतील यादवी युद्धात, फेब्रुवारी १८६४ मध्ये, दक्षिणेच्या बाजूने जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी उघडली. भोवती उभ्या ओंडक्यांची उंच भिंत आणि तिच्या आत सुमारे १९ फुटांवर, खुंटांवर फळ्या ठोकून केलेले एक बुटके कुंपण. तीच 'डेड लाइन'. ती ओलांडणाऱ्यावर पहारेकऱ्याने गोळी झाडायची. दक्षिणेच्याच कर्नल चँडलर यांनी ऑगस्ट १८६४ मध्ये दिलेल्या तपासणी अहवालात हा शब्द आहे.

मला छळतो तो तिथला ओढा. त्याचे पाणी आत शिरताना त्यातल्या त्यात बरे असे. पुढे त्यात साऱ्या छावणीची घाण मिसळे. घोटभर बऱ्या पाण्यासाठी कुंपणाखालून हात लांबवणाऱ्या कैद्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आत आलेल्या सुमारे ४५,००० जणांपैकी जवळजवळ १३,००० मेले; बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. छावणीचा अधिकारी हेन्री विर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी छापखान्यात हाच शब्द भेटतो. छपाईयंत्राच्या पाटावरची एक खूण. तिच्यापलीकडचा मजकूर छापला जात नसे. लगेचच तो अमेरिकी वृत्तपत्रांत वेळेला लागला. १९२० मध्ये तर 'डेडलाइन ॲट इलेव्हन' नावाचा मूकपट निघाला. कैद्यांची रेघ सरळ वृत्तपत्रात आली, असे पुष्कळदा ठोकून दिलेले असते. मला ते पटत नाही. 'डेड' आणि 'लाइन' हे दोन्ही रोजच्या वापरातले शब्द. ते एकाहून अधिक वेळा जुळू शकतात. गळ टाकणाऱ्यांच्या बोलीतही जागेवरून न हलणाऱ्या दोरीला हेच नाव होते.

आपल्याकडे 'मुदत' होती, अरबीतून फारसीमार्गे आलेली. तिचा मूळ अर्थ काळाची लांबी, म्हणून ती वाढवून मागता येते. रेघ कशी वाढवणार? तरी आपण सर्रास 'डेडलाइन वाढवून द्या' म्हणतो. इंग्रजीतही आता तसेच म्हणतात. मीही संपादकांना तेच म्हणालो होतो.