पदकावरचे साल आणि फितीचे रंग

जर्मन 'आयर्न क्रॉस' पहिल्यांदा हाती घेणारा हौशी संग्राहक तो उलटून पाहतो आणि बहुधा तिथेच फसतो. काळ्या क्रुसाच्या मागील बाजूस, खालच्या भुजेवर '१८१३' हे साल ठसठशीत उठवलेले असते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धातले पदक आपल्याला गवसले, अशी त्याची समजूत होते. विक्रेत्याचीही कधीकधी तीच समजूत असते. कधी ती समजूत नसून सोय असते. प्रत्यक्षात ते पदक १९१४ नंतरचे असण्याचीच शक्यता अधिक असते, आणि तशी पन्नास लाखांच्या आसपास पदके एकट्या पहिल्या महायुद्धात दिली गेली होती.

हा घोटाळा होतो, कारण या पदकाची कथा खरोखरच १८१३ मध्ये सुरू होते. प्रशियाचा राजा फ्रीडरिक विल्हेल्म तिसरा याने त्या वर्षीच्या मार्चमध्ये ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात, या पदकाची स्थापना केली. दिवंगत राणी लुईझ हिचा जन्मदिवस असलेली १० मार्च ही तारीख त्यासाठी मुद्दाम निवडण्यात आली. राजाच्या कच्च्या आराखड्याला अंतिम रूप दिले ते कार्ल फ्रीडरिक शिंकेल या नामवंत वास्तुविशारदाने. तोवर मानाची सन्मानचिन्हे ही प्रामुख्याने सरदार-उमरावांची मिरास होती. हे मात्र ओतीव लोखंडाचे, चांदीच्या चौकटीत बसवलेले आणि साध्या शिपायालाही मिळू शकणारे होते. युद्धनिधीसाठी सोन्याचे दागिने देऊन त्याबदल्यात लोखंडाचे घेणाऱ्या प्रजेच्या त्या काळाला ते शोभलेही.

पुढे १८७० मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, १९१४ मध्ये आणि १९३९ मध्ये हेच पदक नव्याने सुरू करण्यात आले. दर वेळी दर्शनी बाजूवर त्या-त्या युद्धाचे साल आले. १८७० आणि १९१४ च्या पदकांवर विल्हेल्म नावाचे आद्याक्षर आणि मुकुट दिसतो, १९३९ च्या पदकावर मधोमध नाझी स्वस्तिक. फितीला लटकवायच्या द्वितीय श्रेणीच्या पदकामागे मात्र १८१३ हे मूळ साल कायम राहिले. तेव्हा पदकावरचे साल हे ते पदक घडवल्याचे साल असेलच असे नाही, ही या छंदातली पहिली शिकवण. ती बहुतेकांना पैसे मोजूनच मिळते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? जाणकार आधी फितीकडे पाहतात. आयर्न क्रॉसचे दोन मुख्य प्रकार. प्रथम श्रेणीचा क्रूस पिनेने थेट अंगरख्यावर लावला जाई, त्याला फीत नसे. द्वितीय श्रेणीचा क्रूस फितीला लटके. काळा आणि पांढरा हे प्रशियाचे रंग. रणांगणावर लढलेल्याला काळी फीत आणि तिच्या कडांना पांढरे पट्टे. सैन्याच्या कामी आला पण लढला नाही, अशाला नेमके उलटे, म्हणजे पांढरी फीत आणि काळे पट्टे. पदक एकच, पण फितीवरून माणूस कुठे उभा होता ते कळे.

रंगांची ही उलटापालट जर्मन फितींचे जणू व्याकरणच आहे. १९३९ मध्ये आयर्न क्रॉसच्या फितीत लाल रंग आला : मधोमध रुंद लाल, दोन्ही बाजूंना पांढरा आणि कडांना काळा. त्याच वर्षी इतर प्रकारच्या युद्धसेवेसाठी 'वॉर मेरिट क्रॉस' हे वेगळे पदक काढण्यात आले, आणि त्याच्या फितीत मधोमध रुंद काळा, मग पांढरा आणि कडांना लाल, असा क्रम ठेवला गेला. दोन्ही फिती शेजारी ठेवल्या की, एकीचे रंग उलटवून दुसरी केली आहे, हे सहज लक्षात येते. एकेकटी पाहिली, तर नवखा हमखास गोंधळतो.

फितीचे महत्त्व वाढण्याला आणखी एक कारण आहे. द्वितीय श्रेणीचा क्रूस युद्धभूमीवर रोज मिरवला जात नसे. तो मिळाल्याच्या दिवशी छातीवर यायचा आणि नंतर पेटीत जायचा. अंगरख्याच्या दुसऱ्या काजातून ओवलेली फीत तेवढी दिसायची. जुन्या छायाचित्रांत जर्मन सैनिकांच्या छातीवर जी तिरपी पट्टी दिसते, ती हीच. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे एखादे पदक आजही नव्यासारखे दिसू शकते. पदक फार स्वच्छ आहे म्हणून ते बनावट, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

पहिल्या महायुद्धाच्या काळातील जर्मनी हे अनेक राज्यांचे साम्राज्य होते आणि प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेमबर्ग अशा राज्यांची स्वतःची पदके होती. हँबर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन व्यापारी नगरराज्यांनीही १९१५ मध्ये 'हान्झियाटिक क्रॉस' काढला. तिन्ही क्रूस लाल मिन्याचे; फरक मधल्या मुद्रेत. हँबर्गचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली आणि ल्युबेकचा दुतोंडी गरुड. फितीही तिघांच्या लाल-पांढऱ्याच, केवळ पट्ट्यांची मांडणी वेगळी.

या विविधतेमुळे 'पदकमाला', म्हणजे एकाच पट्टीवर ओळीने शिवलेली अनेक पदके, हा या छंदातला सर्वांत बोलका ऐवज ठरतो. समजा, एका पट्टीवर तीन पदके आहेत. पहिला १९१४ चा आयर्न क्रॉस, काळ्या फितीवर. दुसरा हँबर्गचा लाल क्रूस. तिसरा पितळी रंगाचा, तलवारी असलेला 'ऑनर क्रॉस'. एवढ्यावरून माणूस उभा राहतो : तो लढणारा सैनिक होता, हँबर्ग शहराशी त्याचे काही नाते होते आणि तो किमान १९३४ पर्यंत जिवंत होता. त्याच ओळीत साध्या पिवळ्या फितीचे कैसर विल्हेल्म पहिला याच्या जन्मशताब्दीचे पदक असेल, तर तो १८९७ मध्येच सैन्यात होता किंवा त्याआधीच्या युद्धांतला जुना शिपाई होता, असेही म्हणता येते.

यातील १९३४ हे साल कुठून आले, ते सांगायला हवे. कारण सालाचा दुसरा मोठा सापळा तिथेच आहे. कैसरची राजवट १९१८ मध्ये कोसळली आणि नव्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने सरकारला पदके व सन्मानचिन्हे देण्यास मनाई केली. मग माजी सैनिकांच्या संघटनांनी आपापली स्मरणपदके काढली. ती आजही बाजारात भरपूर आहेत आणि अनेकदा सरकारी म्हणून खपवली जातात. पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्या सर्वांसाठी सरकारी पदक निघाले ते थेट जुलै १९३४ मध्ये. अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी स्थापन केलेला हा ऑनर क्रॉस. त्यावर '१९१४-१९१८' असे लिहिलेले असते, पण १९३४ पूर्वी त्याचे अस्तित्वच नव्हते. तो आपोआपही मिळत नसे, त्यासाठी अर्ज करावा लागे. तलवारी असलेले पदक आघाडीवरच्या सैनिकांना, बिनतलवारीचे इतरांना. आघाडीवरच्या सैनिकांचीच संख्या साठ लाखांवर गेल्यामुळे जर्मन पदकांत हे सर्वांत सहज मिळणाऱ्यांपैकी एक आहे.

आता खऱ्याखोट्याकडे. आयर्न क्रॉसचा गाभा लोखंडी असतो आणि त्याभोवती चांदीच्या चौकटीचे दोन भाग डाख देऊन जोडलेले असतात. म्हणून लोहचुंबक ही पहिली कसोटी. ती शेवटची मात्र नव्हे, कारण लोखंडाखेरीज इतर धातूंचा गाभा असलेली अस्सल पदकेही आढळतात. सांध्याची रेघ भिंगातून दिसायला हवी. एकसंध ओतलेल्या नकलेत ती नसते किंवा कोरून दाखवलेली असते. फितीच्या कडीवर अनेकदा उत्पादकाची खूण असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांना क्रमांक दिले गेले होते. उदाहरणार्थ, '४' हा आकडा ल्यूडेनशाइड येथील श्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याचा.

याच कारखान्याची गोष्ट पुढचा गुंता समजावून सांगते. पश्चिम जर्मनीने जुलै १९५७ मध्ये कायदा करून माजी सैनिकांना युद्धकाळातील पदके लावण्याची मुभा दिली, पण नाझी चिन्हाविना. त्यामुळे त्याच पदकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पाने आली. या आवृत्त्या जुन्या कारखान्यांनीच बनवल्या, काही वेळा जुन्याच साच्यांतून. साचा वापरून झिजतो, त्याला बारीक तडा जातो आणि तो तडा पुढच्या प्रत्येक पदकावर उमटतो. ओकची पाने असलेल्या पदकाच्या चौकटीवर जो तडा दिसतो, तोच जर स्वस्तिक असलेल्या 'युद्धकालीन' पदकाच्या चौकटीवर दिसला, तर ते पदक युद्धानंतर बनवले असल्याचा दाट संशय घ्यायला हवा. ही तपासणी एखाद्या गुन्हे अन्वेषकाला शोभेल अशी आहे. मला या साऱ्या छंदात सर्वाधिक मोह पडतो तो तिचाच.

फितीची परीक्षा त्या मानाने सोपी. कापडाला आणि धाग्याला अधिक पांढरेपणा आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. जांभळ्या अतिनील दिव्याखाली असा धागा निळसर पांढरा चमकतो. जुनी सुती वा रेशमी फीत चमकत नाही. मात्र एखाद्या सुगृहिणीने आजोबांची फीत आधुनिक साबणाच्या पावडरीत धुतली असेल, तर अस्सल फीतही चमकू शकते. उलट, न चमकणारी जुनी फीत नव्या नकलेला लावणे काही अवघड नाही. फीत सर्वांत जास्त बोलते, हे खरे. पण सर्वांत सहज बदलता येते तीही तीच.

जर्मन पदकांची एक उणीव आपल्याकडच्या वाचकाला विशेष जाणवेल. पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांना मिळालेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सातारा किंवा रत्नागिरीकडच्या एखाद्या घरातले असे पदक भंगारात गेले, तरी ते कोणाचे हे पुढे शोधता येते. जर्मन पदकांवर सहसा नाव नसते. नाव असते ते सोबतच्या प्रमाणपत्रावर, आणि कागद तर आधी हरवतात. मग उरते ती पदकमाला. व्यापारी मात्र तीच मोडतात, कारण ओळीतला आयर्न क्रॉस सुटा विकला की लगेच गिऱ्हाईक मिळते. पट्टी उसवली की हँबर्गचा तो सैनिक कायमचा नाहीसा होतो. बनावट पदकाने एका संग्राहकाचे पैसे बुडतात. उसवलेल्या पट्टीने झालेले नुकसान मला त्याहून मोठे वाटते.

या विषयाला भारतीय धागाही आहे. सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना, १९४२ मध्ये, 'आझाद हिंद'ची सन्मानपदके स्थापन झाली. ती व्हिएन्नातील रुडॉल्फ झूवाल या पदककारांकडे बनली आणि 'शेर-ए-हिंद', 'वीर-ए-हिंद' अशी त्यांची नावे होती. लढणाऱ्यासाठी तलवारींसह आणि इतरांसाठी तलवारींविना, हा जर्मन रिवाज त्यांतही दिसतो. भारतीय संग्राहकांना ती हवीशी वाटणे साहजिक आहे, आणि नकलाकारांनाही ते ठाऊक आहे.

नाझी काळातील पदकांबाबत एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या उंबरठ्यावरच्या मंगलचिन्हाचे नाव त्या पदकांवरील चिन्हाला लागले असले, तरी युरोपात ते लाखो ज्यूंच्या हत्येचे चिन्ह आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार त्याच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आहे. संशोधन, शिक्षण, इतिहासकथन अशा कारणांसाठी अपवाद आहे. जर्मन लिलावांच्या छायाचित्रांत ते चिन्ह झाकलेले दिसते, ते त्यामुळेच. पॅरिसच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये 'याहू'ला, फ्रान्समधील लोकांना नाझी वस्तूंच्या लिलावांपर्यंत पोहोचू देऊ नका, असा आदेश दिला होता. मे २००१ मध्ये 'ईबे'नेही अशा वस्तूंवर निर्बंध घातले. पदक घरी ठेवणे आणि ते अंगावर मिरवणे यांत फरक आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. खुद्द जर्मन सैन्याने २००८ मध्ये शौर्यपदक सुरू केले, तेव्हा आयर्न क्रॉसचे नाव पुन्हा आणावे अशी मागणी होती. ते नाव टाळण्यात आले.

विक्रेत्यांच्या पेट्यांत शेवटी तळाशी उरतो तो हिंडेनबुर्ग यांच्या ऑनर क्रॉसचा तिसरा प्रकार : काळ्या रंगाचा, बिनतलवारीचा. युद्धात मरण पावलेल्यांच्या विधवा आणि आईवडील यांच्यासाठी तो होता. सुमारे ३ लाख ४५ हजार विधवांना आणि ३ लाख ७३ हजार आईवडिलांना तो देण्यात आला. सैनिकाच्या फितीत कडा काळ्या आणि आतले पट्टे पांढरे असतात. या काळ्या क्रुसाच्या फितीत कडा पांढऱ्या आहेत आणि आतले पट्टे काळे. मधला लाल पट्टा दोन्हींत तोच आहे.