स्वयंपाकघरांतील नळाची क्षीण धार



पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें चाकणकडे येऊं लागलें कीं दोहों बाजूंस उंच इमारती दिसूं लागतात. कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेलें हें गांव आतां कारखान्यांचेंहि झालें आहे, आणि त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचीं बिऱ्हाडें चौथ्या, सहाव्या, सातव्या मजल्यांवर थाटलेलीं आहेत. ह्या बिऱ्हाडांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गच्चीवरील टांकी भरलेली असते, न्हाणीघरांत बादली भराभर भरते, परंतु स्वयंपाकघरांतील नळाची धार मात्र सुतळीएवढी! मग कोणी मोठी टांकी बसविण्याचा सल्ला देतो, कोणी मोटार लावण्याचा. हे उपाय करण्यापूर्वीं पाण्याला जोर येतो कोठून, हें पाहणें अगत्याचें आहे.

पाण्याचा जोर उंचीवर अवलंबून असतो, सांठ्यावर नव्हे. आम्ही शाळेंत हा नियम मुलांकडून घोकून घेत असूं, पण तोटीशीं उभें राहिल्यावर तो आठवणारे थोडेच! दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोग्रॅम भरतो. टांकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर उंच आहे, मजला तीन मीटरांचा आहे आणि नळ जमिनीपासून एक मीटरावर आहे, असें धरूं. तर अगदीं वरच्या मजल्यावरील नळास केवळ साडेतीन मीटरांची उंची मिळते, म्हणजे दाब एक तृतीयांश किलोग्रॅमाच्या आसपास. त्याच इमारतींत चार मजले खालीं राहणाऱ्यास साडेपंधरा मीटर मिळतात, म्हणजे चौपटीहून अधिक. टांकी पांचशें लिटरांची असो वा पांच हजारांची, हा हिशेब बदलत नाहीं. पेशवाईंत नानासाहेबांच्या काळीं कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळांतून पुण्यांत आणलें गेलें, तेव्हां तेथें विजेचें यंत्र नव्हतें. कात्रज शहराहून उंच आहे, एवढ्याच भांडवलावर तें काम झालें.

आतां दोष कोठें आहे तें शोधूं. घरांतील सर्वच नळ मंद असतील, तर अडचण टांकीच्या उंचींत किंवा वरून येणाऱ्या मुख्य नळींत आहे. एकच नळ मंद असेल, तर उंचीला दोष देऊं नये. अडथळा त्या एका वाटेवर आहे. पांच लिटरांचें भांडें घ्यावें, नळ पूर्ण उघडावा आणि भांडें भरण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळावर पाहून लिहून ठेवावें. नंतर तोटीच्या तोंडाशीं असलेली जाळीची टोपी फिरवून काढावी व पुन्हां मोजावें. वेळ एकदम निम्म्यावर आली, तर गुन्हेगार सांपडला. बहुतेक घरांत तो येथेंच सांपडतो.

ह्या जाळींत अडकतें काय? नळ्यांच्या आंतील गंजाचे कण, बांधकामाच्या वेळची वाळू आणि मुख्यतः क्षार. आपल्याकडे काळ्या पाषाणांतून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. तेच पाणी थेंबाथेंबानें जाळीवर सुकतें आणि पांढरी खपली धरते. जाळी वाटीभर व्हिनेगरांत किंवा लिंबाच्या रसांत रात्रभर बुडवून ठेवावी. आम्ल आणि चुना यांचा संयोग होऊन बारीक बुडबुडे येतात, तो कर्बवायु होय. सकाळीं जुन्या दांतघांसणीनें घासून जाळी पूर्ववत् बसवावी. त्यासाठीं कारागिरास बोलावण्याचें कारण नाहीं.

जाळी काढूनहि धार सुधारली नाहीं, तर सिंकखालचें कपाट उघडावें. तेथें भिंतींतून निघालेली एक लहान चावी असते. तिला प्लंबर अँगल कॉक म्हणतात. मागें कधीं दुरुस्तीसाठीं ती बंद केलेली असते व उघडतांना अर्धीच उघडलेली राहते. ती पूर्ण उघडूनहि फरक पडला नाहीं, तर ती बंद करावी, वर जाणारी लवचिक नळी तोटीपासून सोडवावी, तिचें तोंड बादलींत धरावें आणि चावी हळूच उघडावी. बादलींत धो धो पाणी आलें, तर दोष तोटीच्या पोटांत आहे. तेथेंहि सुतळीच असली, तर नळी मुडपली आहे काय तें पाहावें. ती सरळ असेल, तर चावींत कचरा आहे किंवा भिंतींतील लोखंडी नळी आंतून गंजानें बुजली आहे. नळीचा आंतला व्यास निम्मा झाला म्हणजे पाणी निम्म्यावर येतें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तोंडाचें क्षेत्रफळच चतुर्थांश होतें, आणि घर्षणामुळें प्रवाह त्याहूनहि कमी होतो. अशी नळी बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

टांकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हां भरली असेल, तर नळींत हवा अडकून पाणी अडतें. कात्रजच्या त्या जुन्या मार्गावर हवा सुटण्यास उच्छ्वास बांधलेले होते. आपल्या घरांत सर्वांत खालचा नळ कांहीं वेळ उघडा ठेवला तरी बहुधा काम भागतें.

आतां मोटारीविषयीं. गच्चीवरील स्वतःच्या टांकींतून पाणी घेऊन जोर वाढविणारा लहान पंप वेगळा. वरच्या मजल्यावर उंचीच अपुरी असेल, तर तो खुशाल बसवावा. पण रस्त्यावरील सार्वजनिक नळास मोटार जोडणें हा निराळाच प्रकार होय, आणि त्याची मनाई आहे ती उगाच नाहीं. नळांतून तास-दोन तासच पाणी येत असतां एका घरानें तें ओढलें, कीं शेजारच्या घराचा नळ कोरडा पडतो. मग तो शेजारीहि मोटार आणतो, आणि अखेरीस ज्याची ऐपत नाहीं त्याचीच घागर रिकामी राहते. दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. ओढ लागल्यामुळें नळींतील दाब बाहेरच्या हवेहूनहि उतरतो. जमिनींतील नळीचे सांधे कोठें ना कोठें ढिले असतातच, आणि बाजूनेंच गटार वाहत असतें. एरवीं ज्या फटींतून पाणी बाहेर झिरपलें असतें, त्याच फटींतून गटाराचें पाणी आंत शोषलें जातें. विषमज्वर व कावीळ अशाच वाटेनें घरांत येतात, आणि मोटार न लावणाऱ्याच्याहि घरांत येतात.

पिंपरी-चिंचवड महापालिकेनें नोव्हेंबर २०१९ पासून शहरास दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ केला, आणि पुढें कित्येक वर्षें तोच क्रम चालला. तें पाणी मुख्यतः पवना धरणाचें. नदीच्या पात्रांतून तें रावेतपर्यंत येतें व निगडीस शुद्ध होतें. धरणापासूनच बंद नळ टाकण्याच्या योजनेस मावळांतील शेतकऱ्यांनीं विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें त्यांच्या आंदोलनावर पोलिसांनीं गोळीबार केला व तीन शेतकरी प्राणांस मुकले. इकडे चाकणच्या बाजूस भामा नदीवर आसखेडचें धरण आहे. त्याचें पाणी २०२१ सालापासून पुण्याच्या पूर्व भागास जाऊं लागलें, तेंहि विस्थापित शेतकऱ्यांच्या दीर्घ तक्रारींनंतरच. आपल्या सिंकमध्यें पडणारी धार अशा ठिकाणांहून येते.

म्हणून नळाची धार सुधारल्यावर दुसरें काम उरतें, तें ती आंवरण्याचें. चांगला वाहता नळ मिनिटाला दहा लिटर सहज देतो. भांडीं घासतांना तो पंधरा मिनिटें उघडा राहिला, तर दीडशें लिटर गेले. शहरांतील एका माणसाच्या सबंध दिवसास १३५ लिटर पाणी पुरावें, असें आपल्या देशांतील पाणीपुरवठ्याचें मान आहे! हवा मिसळणारी जाळी असेल, तर धार भरदार दिसून मिनिटास चार-पांच लिटरांतच काम होतें. मात्र वरच्या मजल्यावर अल्प दाबासाठीं बनविलेलीच जाळी मागावी, नाहींतर धार पुनः सुतळीवर येईल. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भांडीं एका टोपांत भिजवून घासावीं व नळ विसळण्यापुरताच उघडावा. घरांत आर.ओ. यंत्र असल्यास त्याच्या बाजूच्या बारीक नळींतून जाणारें पाणी बादलींत धरावें. तें पिण्यास नको, पण लादी पुसण्यास उत्तम.

ठिबकणाऱ्या तोटीकडे आपण फार उदारपणें पाहतों. सेकंदास एक थेंब धरला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तरी चार लिटरांहून अधिक पाणी वाया जातें, आणि तोटीचा थेंब बहुधा याहून मोठा असतो. साध्या फिरकीच्या तोटींत हा दोष झिजलेल्या वॉशरचा असतो. तो बदलण्यापूर्वीं खालची चावी बंद करावी आणि सिंकच्या भोकावर फडकें ठेवावें, म्हणजे लहान स्क्रू मोरींत जात नाहीं.

आरंभीं लिहून ठेवलेला सेकंदांचा आंकडा कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. त्याखालीं दुरुस्तीनंतरचा आंकडा लिहावा. दर तीन महिन्यांनीं तेंच भांडें पुन्हां भरून पाहावें. आंकडा वाढूं लागला, कीं जाळी काढून व्हिनेगरांत टाकावी.