केसांची केस आणि चित्रांची पुस्तकं

टेक्सासमधल्या एका निकालाची बातमी तेव्हा अनेकांनी वाचली असेल. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या लांब लॉक्सवरून, म्हणजे गुंफलेल्या बटांवरून, शाळेने केलेली शिक्षा कायद्याला धरूनच आहे, असं न्यायाधीशांनी २२ फेब्रुवारी २०२४ला ठरवलं. केसांवरून वांशिक भेदभाव करायला मनाई करणाऱ्या राज्याच्या ‘क्राउन’ कायद्यात केसांची ठेवण आली, लांबी आली नाही, हा शाळेचा युक्तिवाद चालून गेला. पण ही तीच बार्बर्स हिलची शाळा, जिने २०२०च्या सुरुवातीला दुसऱ्या एका मुलाला केस कापल्याशिवाय पदवीदानाला यायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्या मुलाला ‘हेअर लव्ह’ या लघुपटाच्या चमूने ऑस्करच्या सोहळ्याला पाहुणा म्हणून नेलं. लघुपटाने ऑस्कर जिंकलं, शाळेचा नियम मात्र जागचा हलला नाही.

‘हेअर लव्ह’ हे चित्रपुस्तकही आहे. त्याचा कर्ता मॅथ्यू चेरी हा एके काळचा अमेरिकन फुटबॉलपटू. लघुपटासाठी त्याने २०१७मध्ये लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले, जमले २ लाख ८० हजारांच्या वर. पुस्तक आलं २०१९मध्ये. झुरी नावाच्या मुलीचे दाट, कुरळे केस विंचरताना तिच्या बाबाची उडालेली तारांबळ, एवढीच गोष्ट. केसांच्या थोरवीचं भाषण त्यात नाही. आईच्या पुढ्यात मान ताठ धरून वेणी घालून घेतलेल्या कुणालाही ती घरची वाटेल.

अशी पुस्तकं तेव्हाही नवी नव्हती. कॅमिल यारब्रो यांचं ‘कॉर्नरोज’ १९७९चं. त्यात डोक्यालगतच्या बारीक वेण्या घालता घालता पणजी-आई मुलांना आफ्रिकेपासूनचा इतिहास ऐकवतात. पण या सगळ्या कहाणीतला माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग १९९८चा, ब्रुकलिनच्या बुशविक भागातला. कॅरोलिव्हिया हेरन या कृष्णवर्णीय लेखिकेचं ‘नॅपी हेअर’ आदल्या वर्षी आलं होतं. कौटुंबिक मेळाव्यात मामा भाचीच्या केसांचं वर्णन करतो आणि बाकीचे त्याला ओळीओळीला साथ देतात. आपल्याकडच्या कीर्तनात झीलकरी देतात तशी. हे केस देवाने हट्टाने असे घडवले, असा त्याचा दिमाख. पण ‘नॅपी’ ही अशा केसांसाठीची गुलामगिरीच्या काळापासूनची शिवी. एका गोऱ्या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गात हे पुस्तक कौतुकाने वाचून दाखवलं. पालकांच्या हाती पोचल्या त्या काही पानांच्या काळ्या-पांढऱ्या छायाप्रती. सभेत आरडाओरडा झाला, धमक्या आल्या, आणि शिक्षिका ती शाळा सोडून गेली. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं तिच्या वर्गात नव्हतीच. तरी त्या पालकांना हसण्यात अर्थ नाही. घरात हसत उच्चारलेला शब्द शाळेतून, तोही गोऱ्या तोंडून, परत येतो तेव्हा त्याला वेगळाच वास येतो.

पुढच्याच वर्षी बेल हुक्स यांनी ‘हॅपी टू बी नॅपी’ लिहिलं. त्यानंतर पुस्तकं येत राहिली, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी मला कंटाळवाणी वाटतात. मुलगी आरशापुढे उभी, आणि पानोपानी ‘तू सुंदर आहेस’. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९०मध्ये मांडलं होतं की मुलांना पुस्तकांत स्वतःला पाहायला आरसेही हवेत आणि इतरांचं जग पाहायला खिडक्याही. गोऱ्या मुलांना तर खिडक्यांची फारच गरज आहे. प्रकाशकांनी आरसे तेवढे उचलले, तेही जेमतेम. २०१३च्या ३,२०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीयांविषयीची ९३, हा आकडा वॉल्टर डीन मायर्स या लेखकाने पुढच्या वर्षी लोकांपुढे ठेवला होता. आत्मविश्वास वाढवायची जबाबदारी सहा वर्षांच्या पोरीवर, आणि नियमावली लिहिणारे मुख्याध्यापक मात्र काहीच वाचणार नाहीत, ही वाटणी मला पटत नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चापून तेल एवढ्यालाच नीटनेटकं मानणाऱ्या आपल्या शाळांनीही फार मान वर करू नये.

म्हणून जानेवारी २०२४मधली दुसरी बातमी मला जास्त मोलाची वाटते. ‘हेअर लव्ह’ची चित्रं काढणाऱ्या व्हॅश्टी हॅरिसनला ‘बिग’ या स्वतःच्या पुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक मिळालं. १९३८पासून दिलं जाणारं हे पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ‘बिग’मधल्या मुलीला अंगकाठीवरून टोमणे मिळतात. ती स्वतःची समजूत घालत बसत नाही. टोमण्यांतला एकेक शब्द उचलते आणि ज्याचा त्याला परत देते, ‘मला हे लागलं’ असं सांगून.